गळ्यात दोर, हातात बॅगा आणि तीन पानांचं भाषण

या वेळचं पत्र जुळे सोलापूरहून आलंय. थोडं आखडतं करून देते:

"मी ५४ वर्षांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. नाटकाचं वेड लहानपणापासून, पण ते नाट्यगीतांचं आणि हशा-टाळ्यांचं. ऑफिसातला एक मुलगा हौशी ग्रुपमध्ये आहे. त्यांना पांढऱ्या केसांचा माणूस हवा होता, म्हणून मला ओढून नेलं. नाटक सॅम्युएल बेकेट या आयरिश लेखकाचं 'वेटिंग फॉर गोदो', मराठीत. माझं काम लकीचं. गळ्यात दोर, दोन्ही हातांत सामान. अख्ख्या नाटकात एकदाच बोलायचं, पण ते सलग तीन पानं, मध्ये पूर्णविराम नाही, आणि एका ओळीचा दुसरीशी संबंध नाही. दिग्दर्शक सव्वीस वर्षांचा. अर्थ विचारला की म्हणतो, 'काका, अ‍ॅब्सर्डमध्ये अर्थ शोधायचा नसतो.' (अ‍ॅब्सर्ड म्हणजे म्हणे तर्काला न जुमानणारं नाटक.) घरी बायको विचारते, गोष्ट काय आहे? मला सांगता येत नाही. ती म्हणते, दोन तास कुणीच येत नाही हे बघायला तिकीट कशाला, नळाला पाणी येण्याची वाट आपण फुकट बघतोच की. मलाही हसू आलं. एकदा ती तालमीला आली तेव्हा नेमकं पोझो मला डुक्कर म्हणत होता. तेव्हापासून ती येत नाही. पण खरं सांगतो, तालमीला गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे थोतांड आहे, की मीच मंद आहे? आणि काम सोडू का? – गोंधळलेला लकी"

नमस्कार लकीराव,

काम सोडू नका. बाकीचं सावकाश बघू.

आधी वहिनींचा प्रश्न घेऊ, कारण पत्रातला सगळ्यात चोख प्रश्न त्यांचाच आहे. त्यांनी गोष्ट विचारली आणि तुम्ही अडखळलात, कारण तुम्ही मनात तात्पर्य शोधू लागलात. त्यांना तात्पर्य नकोच होतं. गोष्ट या नाटकाला आहे, आणि ती चहा निवायच्या आत सांगून होते. गावाबाहेरचा रस्ता, एक वठलेलं झाड, संध्याकाळ. व्लादिमीर आणि एस्त्रागॉन हे दोन फाटके मित्र गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघताहेत. एकाला बूट चावतोय, दुसऱ्याला लघवीचा त्रास आहे. वेळ जात नाही म्हणून ते भांडतात, गाजर खातात, झाडाला गळफास घ्यावा का याची चर्चा करतात. मग पोझो नावाचा जमीनदार येतो. त्याच्या हातात दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला सामान वाहणारा गडी. म्हणजे तुम्ही. पोझो जेवतो, बढाया मारतो, गड्याला विचार करायला लावतो आणि निघून जातो. एक पोरगा निरोप आणतो की गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की येतील. पडदा. दुसऱ्या अंकात तीच वेळ, तीच जागा, झाडाला मोजून चार-पाच पानं फुटलेली. पोझो पुन्हा येतो, पण आता तो आंधळा आहे आणि गडी मुका. पोरगा पुन्हा तोच निरोप आणतो. दोघं म्हणतात, चला, जाऊ या. आणि जागचे हलत नाहीत. संपलं.

हे असंच्या असं वहिनींना सांगा. 'म्हणजे माणसाचं जीवन निरर्थक आहे' हे वाक्य शेवटी जोडू नका. ते जोडलं की गोष्ट मेली.

थोतांडाचं म्हणाल, तर तसं वाटणारे तुम्ही पहिले नाही. ५ जानेवारी १९५३ला पॅरिसच्या तेआत्र द बाबिलोन या छोट्या थिएटरात पहिला प्रयोग झाला. १९५५मध्ये लंडनला झाला तेव्हा रंगमंचावरून 'काही घडत नाही, कुणी येत नाही, कुणी जात नाही' अशा अर्थाचं वाक्य आलं आणि प्रेक्षागृहातून कुणीतरी जोरात दुजोरा दिला. १९५६मध्ये अमेरिकेत मायामीला तर 'दोन खंडांना हसवणारं नाटक' अशी जाहिरात करून लावलं होतं. हसायला आलेले लोक मध्यंतरापर्यंत उठून गेले. जाहिरात करणाऱ्यांना दोष द्यायचा की प्रेक्षकांना, हे तुम्हीच ठरवा. मी तरी प्रेक्षकांच्या बाजूने आहे.

आणि हेही कबूल करायला हवं की अ‍ॅब्सर्डच्या नावाखाली थोतांड चालतं, भरपूर चालतं. हौशी स्पर्धेची प्राथमिक फेरी सलग बसून बघितलेल्या कुणालाही विचारा. पांढरे रंगवलेले चेहरे, मधोमध एक काळा ठोकळा, त्यावर चढून 'शून्य! शून्य!' म्हणून ओरडणारा एक तरुण, आणि संपल्यावर 'तुम्हाला नाही कळणार' असा चेहरा. बेकेटच्या नाटकात यातलं काहीच नाही. तिथे बूट आहे, गाजर आहे, मुळा आहे, टोप्या आहेत. सगळं हाताला लागणारं. हाच माझा खऱ्या-खोट्याचा निकष आहे, फुकट देते, वापरून बघा.

मग आपल्याला हे अवघड का वाटतं? मला वाटतं, त्याचं कारण आपलं अडाणीपण नाही, उलट आपली फार जुनी तालीम आहे. मुक्ताई म्हणून गेली, 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी'. आपण ऐकतो, नवल करतो, आणि लगेच विचारतो की मुंगी म्हणजे कोण, सूर्य म्हणजे काय. आणि त्याचं उत्तर मिळतंही. कूट अभंग हा कुलूप लावलेला पेटारा असतो, किल्ली गुरूकडे असते, एवढा आपला विश्वास असतो. एकनाथांच्या भारुडातला विंचू चावतो तेव्हाही पुढे काम-क्रोधाचा उलगडा येतोच. शेकडो वर्षं ही सवय आपल्याला लागलेली. त्यामुळे गोदो आला, म्हणजे न आला, की आपण तीच किल्ली शोधायला लागतो. गोदो म्हणजे देव? मृत्यू? क्रांती? पगारवाढ?

इथे किल्ली नाही. लपवलेली नाही, केलेलीच नाही. राल्फ रिचर्डसन हा इंग्लंडचा बडा नट. लंडनच्या प्रयोगासाठी त्याला विचारलं होतं. त्याने बेकेटला गाठून पोझोची सगळी माहिती मागितली. तो कुठला, काय करतो, घर कुठे, सगळं. बेकेटने सांगितलं की पोझोबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं संहितेत लिहिलंय, जास्त ठाऊक असतं तर तेही लिहिलं असतं. रिचर्डसनने काम नाकारलं आणि पुढे जन्मभर हळहळला. शेवटी तो प्रयोग पीटर हॉलने बसवला. तेव्हा त्याचं वय चोवीस, म्हणजे तुमच्या दिग्दर्शकापेक्षाही लहान. त्याने नटांना सरळ सांगून टाकलं की यातल्या काही भागाचा अर्थ मलाही कळलेला नाही, पण ओळीओळीला थांबून चर्चा करत बसलो तर नाटक कधीच उभं राहणार नाही.

तेव्हा तुमचा सव्वीस वर्षांचा दिग्दर्शक निम्मा बरोबर आहे. गोदो कोण ते शोधू नका, हे बरोबर. पण 'अर्थ शोधायचा नसतो' म्हणून नटाला वाऱ्यावर सोडायचं, हे चूक. खुद्द बेकेटने १९७५मध्ये बर्लिनच्या शिलर थिएटरात हे नाटक बसवलं, तेव्हा त्याच्या वह्या हालचालींच्या टिपणांनी भरलेल्या होत्या. कोण कुठून कुठे जातो, किती पावलं, थांबा किती, कोणती गोष्ट कुठे परत येते, सगळं आधी ठरलेलं. अर्थ सांगायला नाही म्हणणारा हा माणूस पावलांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर होता. दिग्दर्शकाला पुढच्या वेळी अर्थ विचारू नका. 'मी कधी थांबू, कुठे बघू, बॅग कधी ठेवू' एवढंच विचारा. त्याची उत्तरं त्याच्याकडे नसतील, तर मात्र काळजी करा.

तुम्ही सोलापूरचे आहात, त्यामुळे या बाबतीत तुमचा कान पुणेकरांपेक्षा तयार असायला हवा. पूर्व भागात चहाला थांबलात की शेजारच्या बाकावर तेलुगूतून काहीतरी तावातावाने चाललेलं असतं. अक्कलकोटच्या एसटीत बसलात की मागच्या सीटवर कन्नड. तुम्हाला ती भाषा येत नसेल, तरी कोण कुणावर उखडलंय, कोण उधारी मागतंय, कोण लग्नाचं लांबवतंय, हे पाच मिनिटांत कळतं. शब्द नंतर येतात, आधी सूर कळतो, कोण कुणाकडे बघून बोलतोय ते कळतं. ही नाटकं तशीच ऐकायची. हुतात्मा स्मृती मंदिरात बसणाऱ्या प्रेक्षकाला हे शिकवावं लागेल असं मला वाटत नाही.

आता वहिनींच्या नळाच्या विनोदाबद्दल. विनोद फर्मास आहे, पण कृपा करून तालमीत सांगू नका. सव्वीस वर्षांच्या दिग्दर्शकाच्या कानावर पडला तर पुढच्या रविवारी त्या झाडाखाली घागरी आणि प्लॅस्टिकचे ड्रम आलेच म्हणून समजा. उजनीत पाणी असताना चार-चार दिवस नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या शहराला वाट बघणं म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. पण गोदो म्हणजे पाणी असं एकदा रंगमंचावर ठरवलं की उरलेलं नाटक महापालिकेविरुद्धची तक्रार होऊन जातं. प्रेक्षकाने आपलं आपण ठरवावं. नोव्हेंबर १९५७मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांपुढे हे नाटक झालं. मायामीतले लोक उठून गेले होते, हे मात्र खिळून बसले. नंतर एक कैदी म्हणाला की गोदो म्हणजे समाज, दुसरा म्हणाला की बाहेरचं जग. दोघांचंही खरं, कारण नाटकाने दोघांनाही आधी काही सांगितलं नव्हतं. वहिनींचंही खरं. त्यांनी पहिल्या झटक्यात जे सांगितलं, त्यावर लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत.

पण लकीराव, तुमच्या पत्रात एक गंमत आहे. तुम्ही गोदोवर इतके अडकलात की लकीबद्दल काही विचारलंच नाहीत. लकी कुणाचीही वाट बघत नाही! गोदोचं नाव त्याच्या तोंडी एकदाही येत नाही. सगळे थांबलेले असताना हा एकटा माणूस कामावर आहे. तेव्हा गोदो कोण हा तुमच्या भूमिकेचा प्रश्नच नव्हे. तो तुम्ही त्या दोघांवर सोडा.

लकीचं काय चाललंय ते संहितेत सापडतं, फक्त ते त्याच्या तोंडी नाही, इतरांच्या तोंडी आहे. पेन्सिल घेऊन बसा आणि तुमच्याबद्दल कोण काय बोलतं तेवढंच टिपा. पोझो त्याला विकायला बाजारात घेऊन चाललाय. सिद्धेश्वराच्या यात्रेतला जनावरांचा बाजार तुम्ही पाहिलाच असेल. गळ्यातला दोर कशासाठी हे वेगळं शोधायला नको. लकी उभा असतानाही बॅगा खाली का ठेवत नाही, असं ते दोघं विचारतात. पोझो म्हणतो, मी त्याला ठेवून घ्यावं म्हणून. किती चांगला हमाल आहे हे मला दाखवायला. आणखी थोडं पुढे पोझो सांगून जातो की एकेकाळी यानेच मला सुंदर म्हणजे काय ते शिकवलं, हा नसता तर मी फक्त धंद्यापाण्याचाच विचार करत राहिलो असतो. म्हणजे हा गडी एके काळचा गुरू आहे. पूर्वी तो तऱ्हेतऱ्हेचे नाच करायचा, आता एकच उरलाय, आणि पोझो म्हणतो की आपण जाळ्यात अडकलोय असं त्याला वाटतं. त्याला विकणार हे कळल्यावर तो रडतो. एस्त्रागॉन डोळे पुसायला जवळ येतो, तर त्याच्या नडगीवर सणसणीत लाथ घालतो.

बघा बरं, नटाला याहून जास्त काय हवं? एक म्हातारा होत चाललेला, खूप शिकलेला माणूस. नोकरी जाणार हे त्याला कळलंय. म्हणून तो जास्तच वाकतो, जास्तच उचलतो, आणि कुणी दया दाखवली की लाथ मारतो. अशी माणसं प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक ऑफिसात असतात. तुम्ही ५४ वर्षांचे हिशेबनीस आहात, एवढं लिहिते आणि पुढे जाते. तुमच्या पांढऱ्या केसांसाठी तुम्हाला ओढलं म्हणालात ना? तेही संहितेतलंच आहे. लकीची टोपी निघते तेव्हा लांब पांढरे केस चेहऱ्यावर येतात. त्या मुलांनी आपला लकी बरोबर शोधलाय.

पहिल्या प्रयोगात जाँ मार्तँने हे काम केलं होतं. या माणसाला झालंय काय, असा त्याला प्रश्न पडला. त्याने ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना विचारलं, त्यांनी कंपवाताचं सुचवलं. मग तो अंगभर थरथरत उभा राहिला आणि बघणाऱ्यांना ते असह्य झालं. तुम्ही थरथरा असं मी म्हणत नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न बघा. लकी कशाचं प्रतीक आहे, हे त्याने विचारलं नाही. दुखतंय कुठे, हे विचारलं.

आता ती तीन पानं. इंग्रजीत सुमारे ७०० शब्द भरतात. असंबद्ध दिसतात, पण त्यांना हाडं आहेत. बेकेटने बर्लिनच्या तालमी या भाषणापासून सुरू केल्या आणि त्याचे भाग पाडून दिले. तुम्हीही पाडा. पहिल्या भागात देव आहे, पांढऱ्या दाढीचा. तो आपल्या सगळ्यांवर अतोनात प्रेम करतो, काही अपवाद सोडून, आणि ते अपवाद का ते माहीत नाही. बोलत नाही, हलत नाही, त्याला कशाचं काही वाटत नाही. दुसऱ्या भागात माणूस. आहार सुधारला, मलनिस्सारण सुधारलं, टेनिस, फुटबॉल, धावणं, पोहणं, सायकल, हॉकीचे नाना प्रकार, एवढं सगळं असूनही माणूस आपला झिजत, आक्रसत चाललाय. तिसऱ्या भागात पृथ्वी. गारठा, दगड, कवटी, पुन्हा दगड. आणि शेवटचा शब्द 'अपूर्ण' अशा अर्थाचा. मधूनमधून ज्या थोर संशोधकांचे दाखले येतात, त्यांची नावं चावट आणि ढेकर-पादण्याची आहेत. मराठीत ती कशी उतरवलीत ते बघा. जर गंभीर करून ठेवली असतील तर भांडा.

वाक्याचा साचा तुम्हाला नवा नाही. सरकारी कागदात असतो तो, 'ज्याअर्थी… त्याअर्थी'. लकी 'ज्याअर्थी' म्हणून सुरुवात करतो आणि 'त्याअर्थी'पर्यंत पोचायची धडपड करतो. मध्ये नवा 'ज्याअर्थी' घुसतो, तो मार्गी लावावा तर त्याच्या पोटातून तिसरा. निष्कर्ष येत नाही. भाषणभर एवढीच झटापट आहे, आणि ती खरीखुरी झटापट आहे. तो बरळत नाही, तो सिद्ध करतोय! हा फरक धरून ठेवलात तर तुमचं काम झालं. जोडणारे शब्द पेन्सिलीने गोल करा, म्हणजे 'म्हणून', 'तरीही', 'असे असूनही', 'कारणे अज्ञात', आणि नुसते तेवढेच ओळीने पाठ करा. बाकीचा मजकूर त्यांना लटकेल.

आवाजाचं मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पहिला भाग कीर्तनकाराच्या पूर्वरंगासारखा, शांत, सरावलेला, आपल्याला सगळं पाठ आहे अशा थाटात. दुसरा भाग संस्थेच्या वार्षिक अहवालासारखा, क्रीडा विभागाची प्रगती वाचून दाखवताना सर वाचतात तसा. आणि तिसऱ्या भागाला कुठलाच घाट सापडू द्यायचा नाही. पहिल्या ओळीपासून किंचाळायला लागलात तर तिसऱ्या पानावर तुमच्याकडे घसा उरणार नाही आणि प्रेक्षकांकडे कान. नवखे लकी हमखास इथेच मार खातात.

भाषणाच्या शेजारी समासात इतर तिघांनी कधी काय करायचं ते बेकेटने टप्प्याटप्प्याने दिलंय. आधी ते दोघं लक्ष देऊन ऐकतात आणि पोझो वैतागतो, मग ते कुरकुरतात, पुन्हा ऐकतात, शेवटी तिघंही तुमच्या अंगावर येतात. तुमची टोपी हिसकावतात तेव्हाच तुमचं तोंड बंद होतं, आणि मग पोझो ती टोपी पायाखाली तुडवतो. या प्रतिक्रिया पाठांतर पक्कं व्हायची वाट न बघता आत्तापासून तालमीत घ्यायला लावा. एकट्याने भिंतीकडे बघून पाठ केलेलं भाषण झटापटीत उडून जातं. आणि पहिल्या अंकात हे एकदाच बोलायचं, दुसऱ्यात तुम्ही मुके आहात, हे लक्षात ठेवा. तिथे सुटलात असं समजू नका. मुका लकी बोलक्या लकीपेक्षा जड आहे.

तुम्हाला नाट्यगीतांचं वेड आहे म्हणालात, म्हणून अभ्यासाला पॅरिसची नाटकं सांगत नाही. १९६१मध्ये मार्टिन एस्लिन या समीक्षकाने पुस्तक लिहून बेकेट, आयनेस्को, अदामोव्ह, जने या नाटककारांची एक मोट बांधली आणि तिला अ‍ॅब्सर्ड नाव दिलं. त्या लेखकांनी मिळून कधी संप्रदाय काढला नव्हता, आणि बेकेटला तर ते लेबल पसंत नव्हतं. एवढा इतिहास पुरे. तुम्ही सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' वाचा. १९७९चं नाटक. संगीत रंगभूमीवर किरकोळ स्त्रीभूमिका केलेला एक बापुडा नट, मनाने अजून बालगंधर्वांच्या जमान्यात, पोटासाठी उदबत्त्या विकणारा, श्यामराव नावाच्या माणसाच्या मुठीत. दुसरीकडे जावडेकर आणि बावडेकर असे दोन कारकून. त्यांची स्वप्नं आणि त्याचं स्वप्न एकमेकांत शिरतात आणि मधे नाट्यपदं येत राहतात. तुमचं वेड आणि तुमची नोकरी दोन्ही त्या एका नाटकात आहेत. त्यात अवघड काही वाटलं तर मला परत लिहा, पण वाटणार नाही. मग 'महानिर्वाण', १९७४. त्यात मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतात आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतात. लकीचा पहिला भाग कीर्तनाच्या सुरात का सुचवला, ते तिथे आपोआप कळेल.

आयनेस्कोचं एकच सांगते, कारण ते मजेचं आहे. तो इंग्रजी शिकायला स्वयंशिक्षक घेऊन बसला, आणि त्यातली वाक्यं उतरवता उतरवता त्याला धक्का बसला. आठवड्याचे दिवस सात असतात, जमीन खाली असते, छत वर असतं. या वाक्यांतून १९५०मध्ये त्याचं पहिलं नाटक झालं. १९५७पासून पॅरिसच्या तेआत्र द ला ह्युशेतमध्ये ते वर्षानुवर्षं चालू राहिलं आहे. थोतांड असतं तर एवढं टिकलं नसतं, निदान पॅरिसमध्ये भाडं भरून तरी नाही.

एक कोरडी पण महत्त्वाची बाब. ग्रुपने परवानगी घेतली आहे का ते विचारा. बेकेट डिसेंबर १९८९मध्ये गेला, आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. अनुवादकाचे हक्क वेगळे. शिवाय नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल ते वेगळंच. बेकेट या बाबतीत फार कडक होता. १९८८मध्ये हॉलंडमध्ये बायकांनी मिळून 'गोदो' केलं, तेव्हा तो कोर्टात गेला होता. हरला, पण गेला. त्यामुळे मध्ये एखादं गाणं टाकू, शेवटी दोन ओळी सोलापूरच्या घालू, असं कुणी म्हणत असेल तर वेळीच थांबवा. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात कळलं तर सगळ्यांच्याच तीन महिन्यांच्या तालमी पाण्यात.

वहिनींना परत तालमीला आणा, पण या वेळी दुसऱ्या अंकाच्या. आंधळा पोझो पडतो आणि त्याला कुणीतरी उठवावं म्हणून ओरडत राहतो, तो भाग बघू द्या. डुक्कर कुणी कुणाला म्हटलं होतं याचा हिशेब त्यांचा त्या करतील. त्यांच्याकडून अभिप्रायही घ्या, पण 'कळलं का' असं विचारू नका. 'कंटाळा कुठे आला' असं विचारा. त्या जिथे बोट ठेवतील तिथे बहुतेक तुमच्यातला कुणीतरी ओळ विसरून उगाच गंभीर उभा असेल.

शेवटचं, आणि हे आजच करा. रिकाम्या बॅगा घेऊन तालीम करू नका. पेलण्याचा खोटा अभिनय तिसऱ्या रांगेतून दिसतो. दुसऱ्या अंकात व्लादिमीर विचारतो, बॅगेत काय आहे, तेव्हा पोझोचं उत्तर 'वाळू' असं आहे. तेव्हा वाळूच भरा, पण आधी पाव बॅग, मग आठवड्याआठवड्याने वाढवत निम्मी, त्याच्या पुढे नको. कंबर ५४ वर्षांची आहे, ती संहिता वाचत नाही. आणि गळ्यातला दोर सुती घ्या. नायलॉनचा आणला असेल तर बदलायला लावा, घामाने कापतो.